नॉमिनीच्या रकान्यातलं नाव

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांचा विषय आपल्याकडे चघळला गेला तो नीतीच्या अंगाने. खरी अडचण असते अर्जातल्या ‘नाते’ या रकान्याची.

1956च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा, आई हे पहिल्या वर्गातले वारस. जोडीदाराला त्या कायद्यात तेव्हा जागा नव्हती, आजही नाही. न्यायालयांनी मात्र मागच्या दाराने वाट करून दिली. 1978 साली बद्रीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षं नवरा-बायकोसारखं राहिलेल्या जोडप्याला विवाहितच मानलं. 2015मध्ये धन्नूलाल खटल्यात त्याच गृहीतकावर एका बाईला वारसा मिळाला. दिलासा खरा, पण विचित्र. ज्यांनी समजूनउमजून लग्न टाळलं, त्यांनीच हक्कासाठी ‘आमचं लग्नच होतं’ म्हणायचं!

2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने अशा नात्यातल्या बाईला संरक्षण दिलं. ऑक्टोबर 2008मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिला पोटगीसाठी पत्नी मानण्याचा प्रस्ताव मंजूर केला, त्यावर केवढा गदारोळ उठला. पण हे सगळं जिवंतपणीचं.

मेल्यानंतरचं काय, तर लोकांनी आपलं सोपं उत्तर शोधलं होतं: नॉमिनी लावून टाकू. विम्याचा नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983मध्येच सांगितलं होतं. तरी 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने शेअर्सच्या नॉमिनीला मालक ठरवलं आणि समजूत पक्की झाली. त्याच न्यायालयाने 2016मध्ये ती खोडली, आणि डिसेंबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. तो खटला होता ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातला. ज्यांच्या दिनदर्शिकेवर घरोघरी दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्यांच्या घरातूनच नॉमिनीचा हिशेब मिटला. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच: सोसायटी नॉमिनीचं नाव लावून घेईल, पण घर कोणाचं ते वारसा किंवा मृत्युपत्र ठरवणार.

दरम्यान पुण्यात लिव्ह-इनसाठी ज्येष्ठांचे मेळावे भरू लागले. तिथली कारणं तरुणांपेक्षा रोखठोक. पुनर्विवाह केला की विधवेचं कुटुंबनिवृत्तिवेतन सहसा थांबतं, आणि मुलांना घराची धास्ती वाटते. म्हणजे लग्न टाळलं ते मालमत्तेसाठीच, आणि टाळल्यामुळे मालमत्तेचाच प्रश्न उरला.

हयातीतच घर नावावर करून द्यावं म्हटलं, तर 2015पासून महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा, बायको, मुलं, नातवंडांना करून देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये. जोडीदाराला मात्र खरेदीखताएवढं, शिवाय घेणाऱ्याच्या माथी प्राप्तिकर, कारण आयकर खात्याच्या लेखी तो ‘नातेवाईक’ नव्हे. मृत्युपत्राला यातलं काही लागत नाही. साधा कागद, दोन साक्षीदारांसमोर सही, नोंदणी ऐच्छिक. निदान 1925च्या कायद्यापासून हा रस्ता उघडा आहे, आणि आपण अशुभ म्हणून त्याकडे पाठ फिरवून बसलोय. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान निवडावा, एवढंच.

28 ऑगस्ट 2024 रोजी अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि खात्यावर एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. बातमी वाचून अनेकांना आनंद झाला, मलाही. पण शब्द ‘नॉमिनी’ असाच होता. वारस नव्हे.