नऊ लिटरांचा हिशेब

नऊ लिटर. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात चोवीस तासांत उतरणाऱ्या पाण्याचा हा ढोबळ आकडा. पाणी, चहा, ताक, आमटी, भाजीतला ओलावा असे तोंडावाटे गेलेले सगळे धरले तरी त्यात आपला वाटा जेमतेम दोन लिटरांचा. उरलेले सात लिटर शरीर स्वतः ओतते : दीड लिटर लाळ, अडीच लिटर जठररस, अर्धा लिटर पित्त, दीड लिटर स्वादुपिंडाचा रस आणि लिटरभर आतड्याचा स्वतःचा स्राव. यातले शौचावाटे बाहेर पडते ते १०० ते २०० मिलिलिटर. चहाचा एक कप.

बाकीचे सगळे आतडे परत घेते. सात-साडेसात लिटर लहान आतड्यातच शोषले जातात. दीडेक लिटर मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेही जवळपास सगळे रक्तात परत जाते. ९,००० मिलिलिटरमधले १५० वाया गेले, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. मोठ्या माणसाच्या रक्तातला निव्वळ द्रव भाग साधारण तीन लिटर असतो, हे लक्षात घेतले की या व्यवहाराचा आकार कळतो. त्या तीन लिटरांच्या दुपटीहून जास्त पाणी रोज आतड्यात उतरते आणि रोज परत येते. ही परतफेड काही तास जरी अडली तरी माणूस कोरडा पडतो.

आपल्या घरांतून मात्र पोटाची चौकशी एकाच प्रश्नाने होते, ‘साफ झाले का?’ म्हणजे आपण आतड्याला जोखतो ते त्याने काय बाहेर टाकले यावरून. मला वाटते, पोटाविषयीच्या निम्म्या गैरसमजांचे मूळ इथे आहे. आतडे हे आधी राखणारे इंद्रिय आहे, टाकणारे नंतर. नेहमी विचारले जाणारे प्रश्न या बाजूने पाहिले की त्यांची उत्तरे सोपी होतात.

पहिला प्रश्न अर्थातच रोजचा. दिवसातून एकदा, सकाळी, वेळेवर झालेच पाहिजे का? ब्रिटनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ९९ टक्के लोक दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा या पट्ट्यात सापडले. डॉक्टर आजही तोच पट्टा धरून चालतात. १९९२ साली ब्रिस्टल शहरातल्या सुमारे १,९०० स्त्री-पुरुषांच्या नोंदी आल्या, तेव्हा रोज एकदा नेमाने जाणारे पुरुष ४० टक्के आणि स्त्रिया ३३ टक्केच निघाल्या. ज्याला आपण सर्वसामान्य समजतो ती सवय तिथे अल्पसंख्याकांची ठरली. हे आकडे ब्रिटनचे आहेत. आपल्याकडे जेवणात चोथा जास्त, त्यामुळे रोज एकदा किंवा दोनदा जाणारे पुष्कळ असतात. पण एखाद्याला दिवसाआड होते, जोर करावा लागत नाही, पोट दुखत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ म्हणता येत नाही. कितीदा यापेक्षा कसे, हे विचारायला हवे. खडे होतात का, कुंथावे लागते का, झाल्यावरही राहिल्यासारखे वाटते का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, गेल्या काही आठवड्यांत सवय बदलली आहे का?

सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय होत नाही, ही पुष्कळांची तक्रार असते. तक्रारीचे काही कारण नाही. जठरात काहीही पडले की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. मोठे आतडे एरवी सावकाश घुसळत असते आणि दिवसातून एकदा-दोनदा-तीनदाच मोठी लाट आणून सगळे पुढे ढकलते. सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्या लाटेची शक्यता सर्वांत जास्त. त्याच वेळी मुलांना शाळेच्या रिक्षासाठी घाईने बाहेर काढले, कळ दाबायला लावली आणि हे रोज घडू लागले, तर हळूहळू तो इशारा कळेनासा होतो. लहान मुलांच्या बद्धकोष्ठात हे कारण मोठे आहे. बसण्याचेही तसेच. इस्रायलमधल्या एका संशोधकाने २८ जणांना घड्याळ लावून पाहायला सांगितले. उकिडवे बसून सरासरी ५१ सेकंद लागले, कमोडवर १३०. गुडघेदुखीमुळे कमोड घेतला असेल तर पायाखाली पाट ठेवावा, थोडा फायदा होतो.

खाल्लेले कधी बाहेर पडते? काल रात्रीचे आज सकाळी, असा समज आहे. लंडनमधल्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी साडेआठशेहून जास्त निरोगी माणसांना निळा रंग घातलेले मफिन खायला दिले आणि निळे कधी दिसते याची नोंद ठेवायला लावली. मधला आकडा आला २८.७ तास. म्हणजे सोमवारी सकाळी नऊला खाल्लेले मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास. त्यातले जठरात दोन ते पाच तास, लहान आतड्यात चार ते सहा आणि उरलेला सगळा वेळ मोठ्या आतड्यात. पाणी परत घ्यायचे काम तिथे सावकाश चालते. मुक्काम लांबला की शोषण वाढते आणि खडे होतात. मुक्काम फार आखडला की पातळ होते.

शोषण करायला जागा लागते. जुन्या पुस्तकांत आतड्याचे आतले क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढे, म्हणजे २६० चौरस मीटर असे छापलेले असते आणि ते वाक्य अजूनही शाळेत पाठ केले जाते. स्वीडनमधल्या हेलांडर आणि फॅन्ड्रिक्स यांनी २०१४ साली नव्याने मोजमाप केले. आकडा आला सुमारे ३२ चौरस मीटर, त्यातले मोठ्या आतड्याचे फक्त दोन. चौरस फुटांत सांगायचे तर ३४५. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या आणि वर थोडी जागा. टेनिस कोर्ट गेले म्हणून हळहळायला नको. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे अंकुर असतात, त्यांनी क्षेत्रफळ साडेसहा पट होते. त्या अंकुरांवरच्या पेशींना आणखी सूक्ष्म केस असतात, त्यांनी पुन्हा तेरा पट. एवढे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. ‘आतड्याला वर्षानुवर्षांची घाण चिकटलेली असते, ती खरवडून काढली पाहिजे’ अशी जाहिरात कुठे दिसली, तर हा आकडा आठवावा. जी भिंत आठवड्याच्या आत स्वतःच गळून नवी येते, तिच्यावर वर्षांचा थर बसायचा कुठे?

तरीही ‘कोठा साफ’ करण्याची ओढ जुनी आहे. एरंडेल, सोनामुखी, रात्रीचे चूर्ण. यात एक साधा फेरा आहे. कडक रेचक घेतले की दीड-दोन दिवसांचा साठा एकदम निघून जातो. आतडे पुन्हा भरायला तेवढेच दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीच होत नाही. माणूस घाबरतो, पुन्हा चूर्ण घेतो. त्याला वाटते चूर्णाशिवाय आतडे चालत नाही. वास्तविक ते भरायला सवडच मिळत नाही. शिवाय जुलाबाबरोबर पाणी आणि पोटॅशियम जाते, म्हाताऱ्या माणसांना ते सोसत नाही. इसबगोलाचा प्रकार वेगळा. ते ढकलत नाही, पाणी धरून फुगते. मात्र ते पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचे. कोरडे गिळले तर उलट अडकते.

आता ताटाकडे येऊ, कारण आपल्या हातात खरे तर तेच आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातून मिळावेत असे सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०.२ ग्रॅम तंतू आहेत, बाजरीत ११.५, नाचणीत ११.२, सालासकट मटकीत १५, तुरीच्या डाळीत ९, पेरूत ८.६. पॉलिश केलेल्या तांदळात २.८ आणि मैद्यात जवळपास तेवढेच. हिशेब मांडू. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे १०० ग्रॅम पीठ, १०.२. वाटीभर उसळीतली ३० ग्रॅम मटकी, ४.५. आमटीतली २५ ग्रॅम डाळ, २.३. मूदभर भाताचे ५० ग्रॅम तांदूळ, १.४. एक पेरू, ८.६. बेरीज २७, पालेभाजी न धरताच. दुसऱ्या घरी दोन वेळच्या भाताचे १५० ग्रॅम तांदूळ, तीच आमटी, बटाट्याची भाजी आणि संध्याकाळी दोन पाव. बेरीज साडेदहाच्या आसपास. दोन्ही घरांत पोटे भरलेली आहेत, खर्चातही फार अंतर नाही. भाकरी आणि उसळ ताटातून सरकत गेली, आणि औषधाच्या दुकानात चूर्णांची फळी वाढत गेली. या दोन गोष्टींचा संबंध मला फार जवळचा वाटतो.

हा चोथा करतो काय? थोडा पाणी धरून ठेवतो, बाकीचा जिवाणूंचे अन्न होतो. ‘शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या सेंडर, फुक्स आणि मायलो यांनी २०१६ साली ते तपासले. ७० किलोच्या माणसात जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचे वजन दीड-दोन किलो सांगतात, ते भरले २०० ग्रॅम. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात आणि आपल्याला न पचलेला चोथा आंबवून त्यापासून लहान आम्ले तयार करतात. त्यातल्या ब्युटिरेट नावाच्या आम्लावर मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली साठ-सत्तर टक्के ऊर्जा भागवतात. म्हणजे टाकाऊ चोथ्यातूनही आतडे वसुली करते.

आंबवण आले की वायू आलाच. दहा निरोगी माणसांना रोज २०० ग्रॅम शिजवलेले घेवडे खायला घालून केलेल्या मोजणीत चोवीस तासांत ४७६ ते १,४९१ मिलिलिटर वायू भरला. निरोगी माणसाचा अर्धा ते दीड लिटर. उसळीने गुबारा धरतो म्हणून उसळ सोडू नये. भिजवलेले पाणी फेकावे, मोड आणावेत आणि प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे. जिवाणूंनाही सवय व्हायला वेळ लागतो.

काही खुणा मात्र घरगुती उपायांवर ढकलायच्या नाहीत. शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मल, कारण नसताना उतरणारे वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, आणि पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय. मूळव्याधच असेल, असे स्वतःच ठरवून वर्ष घालवलेली माणसे डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतात. तपासून घ्यावे.

या सगळ्या हिशेबात एकच जागा अशी आहे जिथे काही तासांत जीव जातो. पटकीत आतड्याचा स्राव उधाणतो आणि तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असे मिश्रण करून ते पिंपांतून वाटायला लावले. नातेवाईकच पेल्यापेल्याने पाजू लागले. छावणीत आधी दर शंभरात तीसच्या आसपास मरत होते, उपचार घेतलेल्यांत ते प्रमाण ३.६ वर आले.

यामागचे कोडे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली सोडवले होते. आतड्याच्या पेशीला एक दार आहे, ते ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीने आत घेते, आणि त्यांच्या मागून पाणी जाते. जुलाबातही हे दार चालू राहते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही आणि साखरेचे शीतपेय तर उलट पाणी आतड्यात ओढून घेते. दोन्ही लागतात, आणि मापातच लागतात. त्याच मिश्रणाच्या आजच्या पुडीत, म्हणजे ओआरएसमध्ये, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. अर्धी पुडी पेल्यात टाकायची नाही. पुडीवर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढ्यात ती सगळी विरघळवायची.

जगात अजूनही दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४४ हजार मुले जुलाबाने जातात. आपल्या देशात २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ही पुडी मिळाली आणि जस्ताची गोळी ३०.५ टक्क्यांना. जवळपास चाळीस टक्के आजारी मुलांपर्यंत पुडी पोहोचली नाही, आणि हा आकडा मला या लेखातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त टोचतो. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करायचे नाही. जस्त १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, मूल मलूल पडले, पिईनासे झाले किंवा मलात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, आणि वाटेतही पाजत राहायचे.