हरलेल्या बाजूचं देणं

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. श्रद्धांजल्यांमध्ये त्यांच्या विज्ञानकथा आल्या, साधेपणा आला, पुरस्कारांची यादी आली. पण हा माणूस जन्मभर कोणाशी आणि कशावरून भांडला, ते एका वाक्यात उरकलेलं. ज्या भांडणामुळे ते मोठे, तेच गाळून त्यांची आरती झाली.

भांडणाची सुरुवात थोडक्यात सांगता येते. दीर्घिका दूर पळताहेत, हे १९२९ मध्ये हबलने दाखवलं. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड म्हणाले, विश्व प्रसरण पावतं, पण त्याला आरंभ नाही. नवं द्रव्य निर्माण होत राहतं. हा ‘स्थिर स्थिती’चा सिद्धांत. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेलं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण जाहीर झालं आणि पुस्तकांनी महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला आरंभ आहे या, बाजूने निकाल लावून टाकला.

आमची पिढी भाग्यवान, कारण नव्वदच्या दशकात तो खटला पुन्हा उभा राहिला, आणि हरलेल्या बाजूचा एक वकील, नारळीकर, आपल्या पुण्यात होता. १९९२ मध्ये ‘कोबे’ उपग्रहाने त्या प्रारणातले लाखात एक भागाइतके चढउतार टिपले. महास्फोटवाल्यांची दिवाळी झाली. पुढच्याच वर्षी हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी ‘अर्धस्थिर’ विश्व मांडलं: एक महास्फोट नाही, अनेक लघुस्फोट. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांतून विश्वाचं वय हजार कोटी वर्षांच्या आसपास निघालं, तर जुन्या तारकागुच्छांचं वय त्याहून कितीतरी जास्त. लेक आईहून थोरली! तेव्हा पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी पोरांसाठी व्याख्यानं होत आणि असल्या प्रश्नांवर घराघरांत वाद रंगत. त्याच सुमारास इथल्या एका दैनिकाने ‘वाचक नाहीत’ म्हणत खगोलाचं सदर बंद केलं. राशिभविष्य तेवढं टिकलं.

१९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांनी दाखवलं की प्रसरणाचा वेग वाढतो आहे. त्यामुळे वयाचं गणित सुटलं आणि तो वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा आली. वाढता वेग मूळ स्थिर स्थितीच्या गणितात १९४८ पासूनच होता. हे त्या जल्लोषात कुणाला आठवलं? पुढे पार्श्वप्रारणाचे बारीक नकाशे आले आणि अर्धस्थिर विश्वाचा टिकाव लागेना. नारळीकर ‘आयुका’च्या संचालकपदावरून उतरले त्याच २००३ साली ‘डब्ल्यूमॅप’ उपग्रहाने विश्वाचं वय सुमारे १३७० कोटी वर्षं सांगितलं. हार पुराव्याने झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यानंतरच्या शांततेबद्दल. विश्वाचा ९५ टक्के भाग कशाचा आहे, हे कळलेलं नाही. प्रसरणाचा दर (दर मेगापार्सेकला सेकंदाला किलोमीटरमध्ये) एका पद्धतीने ६७ येतो, दुसरीने ७३. ‘डेसी’ या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाच्या २०२५ च्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा बदलत असावी, असा इशारा आहे. प्रश्न नव्वदीपेक्षा मोठे झालेत आणि मराठीत त्यावर कडाक्याचा वाद घालणारा आवाज नाही. मोबाइलवर मात्र ‘हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं’ असं सांगणारे रोज भेटतात. नारळीकरांना पुतळे नकोत. त्यांच्याशी पुराव्यानिशी भांडतील अशी पोरं हवीत. ती घडवायची तर आधी ते बंद केलेलं सदर सुरू करा.