डोळ्यात फूल का पडते?

डोळ्याचा विकार म्हटला की आपल्याला पहिल्यांदा मोतीबिंदू आठवतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. ‘फूल’ पडलेल्या डोळ्याचे तसे नाही. फूल म्हणजे जखम भरून आल्यावर राहिलेला पांढरा वण. तो औषधाने पुसला जात नाही. मात्र पुष्कळदा टाळता येतो. तो कसा, हेच आज पाहावयाचे आहे.

बुबुळाच्या पुढे, घड्याळावर काच असावी तसे, एक पारदर्शक पटल असते. त्याला स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात. लागणारा प्राणवायू ते मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या द्वारे घेते. हे अश्रू काचेवर सारखे पसरण्याचे काम पापणी करते. तोंड वाकडे होण्याच्या विकारात पापणी मिटत नाही आणि काच कोरडी पडून तिला जखम होते. अशा रोग्याच्या डोळ्यात रात्री मलम घालून पापणी पट्टीने मिटवून ठेवावी लागते.

पापणीचे सगळेच विकार काचेवर उठत नाहीत. रांजणवाडी बहुधा गरम शेकाने बसते. मात्र उतारवयात त्याच जागी ती पुनःपुन्हा आली, तर गाठीचा तुकडा तपासून कर्करोग नाही ना, याची खात्री करून घ्यावी. खुपऱ्यांची गोष्ट अधिक गंभीर. वारंवार संसर्ग होऊन पापणी आतून आक्रसते, तिची कड आत वळते आणि प्रत्येक उघडझापीला केस काचेवर घासतात. केस उपटले तर पुन्हा उगवतात. शस्त्रक्रियेने कड बाहेर वळवणे हाच टिकाऊ उपाय. भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. पण ज्यांच्या पापण्या पूर्वीच वळल्या आहेत, त्यांना ही शस्त्रक्रिया लागतेच.

आता प्रत्यक्ष काचेकडे येऊ. उसाचे पाते लागले, भाताचे तूस उडाले, तर वरचा थर खरचटतो. जखम वरवरची असेल तर एक-दोन दिवसांत वण न राहता भरते. तिच्यात जंतू किंवा बुरशी शिरली, की खोल व्रण होतो आणि मागे फूल राहते. म्हणून डॉक्टर डोळ्यात नारिंगी रंगाचे औषध घालून निळ्या उजेडात पाहतात; जखमेची जागा हिरवी चमकते. व्रण असेल तर तो अलगद खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जंतूंचे औषध बुरशीवर चालत नाही, म्हणून आधी ही ओळख पटली पाहिजे.

येथेच आपल्याकडून घात होतो. कुणी मध घालतो, कुणी शेजाऱ्याच्या घरातली बाटली आणतो. त्या बाटलीत स्टेरॉइड असेल, तर लाली उतरते, रोगी निर्धास्त होतो आणि आत बुरशी फोफावते. लाली गेली म्हणजे रोग गेला, असे समजू नये.

पानाचा चुना डोळ्यात उडाला, तर डॉक्टर शोधत बसू नये. स्वच्छ पाण्याची धार निदान १५ ते २० मिनिटे सोडावी, कण काढावेत आणि मग रुग्णालय गाठावे.

एवढे करूनही काच पांढरी झालीच, तर दुसऱ्याची काच बसवता येते. एदुआर्ड त्सिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स येथे, चुन्याने डोळे गेलेल्या एका मजुरावर हा प्रयोग प्रथम यशस्वी केला. पण अशी काच मृत व्यक्तीच्या डोळ्यातूनच मिळते, आणि मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावी लागते. शोकाच्या त्या घटकेला घरच्यांना निर्णय सुचत नाही. म्हणून आपली इच्छा आजच घरात बोलून ठेवावी. दात्याला चष्मा होता किंवा मोतीबिंदू होता, याने काही अडत नाही.