आंब्यावरची रास्ना : बांडगूळ समजून तोडू नका!

तुमच्या अंगणात, नाहीतर माहेरच्या वावरात जुनं आंब्याचं झाड असेल, तर एकदा मान वर करून नीट बघा. जाड फांदीवर चामड्यासारख्या पानांचा झुबका आणि त्याखाली लोंबणाऱ्या जाड, पांढुरक्या मुळ्या दिसतात? घरातली मंडळी म्हणतील, "बांडगूळ आहे, काढून टाका." पण थांबा हं! ती बहुधा रास्ना असेल. शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. फुलवाल्याकडे आपण ज्याला ऑर्किड म्हणतो आणि मराठीत आमरी, त्याच कुळातली ही.

कळंब म्हटलं की चिंतामणीचं देऊळ आठवतं, पण गावाच्या नावातच झाड आहे; कळंब म्हणजे कदंब. यवतमाळ जिल्ह्यातल्या पानझडी जंगलात आणि शिवारातल्या आंबा, मोह, बाभळीवर ही रास्ना वाढते. कोकणात नि घाटात पावसावर पोसलेल्या आमऱ्या पुष्कळ. आपल्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात टिकून वर त्याच दिवसांत फुलणारी ही, म्हणून मला तिचं कौतुक अधिक.

आता ओळख. बांडगुळाला फांद्या फुटतात, पानं रुंद असतात, फुलं नारिंगी-गुलाबी नळीसारखी. ते फांदीत घुसून झाडाचा रस पितं. जिथं चिकटतं तिथं फांदी गाठीसारखी सुजते. ते काढायलाच हवं. रास्नेचं तसं नाही. तिची अरुंद पानं दोन ओळींत समोरासमोर, मधोमध पन्हळीसारखी दुमडलेली, आणि टोक कुणी कुरतडल्यासारखं. मुळ्या सालीला फक्त धरून असतात, आत शिरत नाहीत. पाऊस आणि हवेतला ओलावा पिऊन ती जगते. झाडाकडून हवी असते ती नुसती बसायला जागा. गंमत म्हणजे संस्कृतातला 'वंदा' हा शब्दही दोघींना मिळून वापरला गेला, आणि त्याच शब्दावरून या आमऱ्यांच्या गटाला जगभर वांडा हे नाव मिळालं.

महारास्नादि काढा तुमच्याही कपाटात असेल. म्हणून एक सांगून ठेवते : रास्ना या नावानं वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. या आमरीच्या मुळ्या उकळून सासूबाईंच्या गुडघ्यांवर घरगुती प्रयोग करू नका. वैद्यांना विचारा.

रोप मिळवायचं कुठून? राखीव जंगलातून परवानगीशिवाय काढणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि बाजारात ओरबाडून आणलेले झुबके विकत घेणं म्हणजे त्या तोडीला हातभारच. पण वादळात फांदी मोडते, घर बांधताना, रस्ता रुंद करताना जुना आंबा पडतो. त्या फांद्या जळणाच्या ढिगात जाण्याआधी मालकाला विचारा आणि रास्ना सोडवून आणा. मुळ्या ओढू नका. जमलं तर सालीच्या तुकड्यासकट काढा.

कुंडी आणि माती विसरा! मातीत मुळ्या आठवडाभरात गुदमरू लागतात. सागवानी पट्ट्यांची फटी असलेली टोपली घ्या, किंवा आंब्याचा खरबरीत ओंडका. जुन्या सुती पातळाच्या चिंधीनं रोप त्यावर अलगद बांधा. तांब्याची तार नको. मुळ्यांनी ओंडका धरायला काही महिने लागतात, तोवर जागा बदलू नका. शेजारीण विचारीलच, "काहाले टांगून ठेवलं वो हे बांडगूळ?" विचारू दे.

पाणी किती, हे मुळीच सांगते. कोरडी मूळ चांदीसारखी पांढरी दिसते, ती तहानलेली. पाणी प्यायली की हिरवी होते. ऐन मे महिन्यात रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं मुळ्या बादलीत बुडवा आणि संध्याकाळी फवारा मारा. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं तर शेंडा कुजतो, म्हणून रोप हलकेच झटका. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत उत्तम. आर.ओ. यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र देऊ नका, त्यात क्षार फार. थंडीत पाणी बरंच कमी करा.

जागा पूर्वेच्या ओसरीची. नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन, मग उजेडाची सावली. पानं गर्द हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय, पिवळट-तांबूस झाली तर ऊन जास्त. कूलर आपल्याकडे घरोघरी असतोच. खोलीत टांगायचं झालं तर उजेडाच्या खिडकीशी, त्या ओलसर वाऱ्यात, पण झोताच्या तोंडासमोर नको. खत पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदाच : लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम विद्राव्य १९:१९:१९.

फुलांची घाई करू नका. रोप रुजायला वर्ष-दोन वर्षं जातात. मग उन्हाळ्यात पानाच्या बगलेतून दांडा निघतो, त्यावर पाच-दहा फुलं. पाकळ्यांवर पिवळट-हिरव्या रंगात तपकिरी चौकटींची नक्षी, अगदी इरकली खणासारखी. मागची बाजू पांढरी, मधली जीभ जांभळी, आणि मंद गोड वास. दोन-तीन आठवडे ती टिकतात.

बी पेरून हिची रोपं घरी होत नाहीत. धुळीएवढं बी, ते विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. खोडाच्या तळाशी कधीतरी पिल्लू फुटतं. त्याला स्वतःच्या तीन-चार मुळ्या आल्या की पावसाळ्याच्या तोंडी स्वच्छ, धारदार सुरीनं वेगळं करा. तोवर त्या शेजारणीला थांबायला सांगा, कारण फुलं पाहिल्यावर तीच पहिली मागायला येईल.