घोडा तोच, खोगीर वेगळं

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार गजबजतो. जाणकार गिऱ्हाईक आधी घोड्याचे दात पाहतो, मग भोवरे, मग चाल. हातात धरून खेळायची जुनी गेमयंत्रं घेणारे शौकीनही असेच पारखी असतात. सोनीची पीएसपी हाती आली, की मागचं झाकण काढून बॅटरी फुगलीय का ते बघायचं. मग सेटिंगमध्ये जाऊन सिस्टीम सॉफ्टवेअरचा आकडा वाचायचा, कारण या यंत्रावर होमब्रू कसं चढवायचं ते त्या आकड्यावरून कळतं.

होमब्रू म्हणजे कंपनीच्या परवान्याविना हौशी प्रोग्रामरनी स्वतः लिहिलेले खेळ. विकत मिळणाऱ्या गेमची फुकट उतरवलेली प्रत म्हणजे होमब्रू नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते आणि होमब्रूसाठी राबणाऱ्या हौशी माणसांवर अन्याय होतो.

‘फ्लॅपी बर्ड’चंच घ्या. हनोईच्या डोंग गुयेन यांनी २०१३मध्ये आणलेला हा मोबाइल गेम लोकांना भलतीच चटक लावून गेला. लोक त्याच्या फार आहारी जाताहेत, म्हणून फेब्रुवारी २०१४मध्ये त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. पण हौशी मंडळींनी तो पीएसपी आणि निन्टेंडो डीएसवर नव्याने लिहिला, अगदी १९८९च्या गेमबॉयवरही. गेमबॉयच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, रंगाच्या छटा फक्त चार. तेवढ्यात नळ, पक्षी, गुण सगळं बसवायचं, हे कसबाचं काम आहे. ‘२०४८’ या गेमच्या बाबतीत वाट सोपी होती, कारण इटलीच्या गॅब्रिएले चिरुल्ली या तरुणाने मार्च २०१४मध्ये तो आणला तेव्हाच त्याचा कोड सर्वांना खुला केला.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र सोनीच्याच २०११च्या प्लेस्टेशन व्हिटा या यंत्रावर घडली. तिचा प्रोसेसर एआरएम घराण्यातला, त्या काळच्या अँड्रॉइड फोनमध्ये असायचा तसाच. म्हणजे फोनसाठी तयार झालेला यांत्रिक कोड व्हिटाला मुळातच समजतो. अडतं ते अँड्रॉइडच्या सोयींवाचून. खेळ पडद्यावर चित्र मागतो, आवाज मागतो, फाइल मागतो, पण उत्तर द्यायला अँड्रॉइड तिथे नसतं. ‘द फ्लो’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने आणि साथीदारांनी मधला दुवा लिहिला. तो प्रत्येक मागणी अडवतो आणि व्हिटाच्या पद्धतीने पुरवतो. घोडा एकाच जातीचा, खोगीर तेवढं नव्याने शिवायचं. २०२१मध्ये ‘जीटीए सॅन अँड्रियास’ची अँड्रॉइड आवृत्ती अशीच व्हिटावर धावली. चित्रं, आवाज वगैरे मूळ फाइली मात्र खेळणाऱ्याने स्वतः विकत घेतलेल्या प्रतीतून आणायच्या असतात. दुवा फुकट आहे, खेळ नाही.

नव्वदच्या दशकात यात्राजत्रांतून ‘९९९९ इन १’ लिहिलेले ब्रिक गेम घेतलेल्यांना हा नाद लगेच कळेल. त्या यंत्रात मूठभर खेळ वेग बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले असायचे, आणि जे आत असेल तेवढंच. नवं काही घालायची सोय नव्हती.

पीएसपीवर ती सोय आहे. यंत्र एकदा होमब्रूसाठी तयार केलं, की ते वायरने कॉम्प्युटरला जोडायचं. मेमरी स्टिकवरच्या ‘पीएसपी’ फोल्डरात ‘गेम’ नावाचं फोल्डर, त्यात खेळाचं फोल्डर, आणि त्यात ‘ईबूट’ ही फाइल. वायर काढली की मेनूत खेळाचं छोटंसं चित्र दिसतं. ‘फ्लॅपी बर्ड’मध्ये मोबाइलवर बोट टेकवायचं तिथे आता फुलीचं बटण. ते दाबलं की पक्षी उसळी घेतो आणि समोर पहिला हिरवा नळ येतो.