नाव नसलेला क्यू नेमका कोणाचा?

मागचा एपिसोड ऐकायला ज्यांना वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित अवतार. बोलताना मी दोनदा भरकटलो होतो, ते इथे कापलंय. बाकी सगळं तेच.

विषय आहे पूल खेळायची काठी. आपल्याकडे पार्लरमध्ये सगळे सरसकट 'स्टिक' म्हणतात. खरा शब्द क्यू.

मी सध्या कामासाठी न्यू जर्सीत आहे. माझ्या रूममेटची काकू एडिसनला राहते. काका सत्तरच्या दशकात इकडे आले, गेल्या वर्षी वारले. काकू आता घर विकून मुलाकडे टेक्ससला चाललीये, म्हणून तळघर उपसायचं काम आम्हा दोघांकडे आलं. तिथे एका रेक्झिनच्या केसमध्ये दोन तुकड्यांचा एक जुना क्यू मिळाला. नाव नाही, नंबर नाही, शिक्का नाही. काकूला आठवत होतं ते एवढंच, की काकांनी तो १९७८ मध्ये ऑफिसातल्या एका अमेरिकन माणसाकडून घेतला होता.

जवळच्या पूल हॉलमध्ये नेला, तर एकाने तिथल्या तिथे दीडशे डॉलर काढून दाखवले. दुसरा कानाशी येऊन म्हणाला, "देऊ नका, हा बालबुश्का वाटतोय, हजारोंचा माल आहे." आणि ते काकूने ऐकलं. झालं! तिच्या डोक्यात हजारोंचे हिशोब सुरू झाले, आणि खरं काय ते शोधायची जबाबदारी माझ्यावर.

जॉर्ज बालबुश्का कोण, ते आधी सांगतो. १९१२ मध्ये रशियात जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत आलेला सुतारकामातला जादूगार. ब्रुकलिनमध्ये १९५९ पासून क्यू बनवायला लागला, १९७५ मध्ये वारला. म्हणजे उणीपुरी सोळा वर्षं. माल थोडा आणि नाव मोठं. १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' सिनेमात पॉल न्यूमन टॉम क्रूझला जो क्यू देतो तो बालबुश्का म्हणूनच. गंमत म्हणजे पडद्यावर दिसतो तो क्यू प्रत्यक्षात जॉस कंपनीचा होता. लाखो लोकांनी 'बालबुश्का' म्हणून जो पाहिला तो बालबुश्का नव्हताच. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता माझी चूक. क्यू हातात आल्यावर मी पहिलं काय केलं? शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, खडूच्या निळ्या डागांनी माखला होता, तो सँडपेपरने घासला. दहा मिनिटांत चकाचक. नंतर क्यू दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने विचारलं, "जॉइंटजवळ पेन्सिलीने काही आकडा लिहिला होता का?" मला माहीत नाही, आता कधी कळणारही नाही. तेव्हा बिननावाचा क्यू मिळाला तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो. पुसणं, घासणं, पॉलिश, नवी टिप, सगळं नंतर.

मग मी नीट बसलो. लोक आधी नक्षी बघतात. नक्षी बघू नका, आटे बघा! दोन तुकडे जोडणारा जो स्क्रू असतो, त्याची जाडी आणि एका इंचात किती आटे बसतात, यावरून बराच अंदाज येतो. ५/१६-१४ म्हणजे ५/१६ इंच जाडी आणि इंचाला १४ आटे. ५/१६-१८ म्हणजे जाडी तीच, आटे १८. ३/८-१० म्हणजे जाड स्क्रू, मोठे आटे. मॅकडरमॉटसारखी कंपनी ३/८-१० साठी ओळखली जाते, जॉससारखे जुन्या पद्धतीचे क्यू ५/१६-१४ साठी. मोजायला काही लागत नाही. अर्धा इंच पट्टी लावा आणि मोजा: सात आले तर १४ चा, नऊ आले तर १८ चा. आमचे सात आले. बालबुश्काचा नेहमीचा स्टीलचा जॉइंटही ५/१६-१४ चाच. रूममेटने तेवढ्यात काकूला फोन लावलासुद्धा. नको लावायला हवा होता.

पुढची खूण म्हणजे पॉइंट्स. बटावर वर चढत जाणारे ते लांब टोकदार त्रिकोण. हे तीन प्रकारचे असतात. स्वस्त क्यूवर ते नुसते छापील स्टिकर असतात. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, आणि लाकडाच्या रेषा पॉइंटच्या कडेला थांबत नाहीत. दुसऱ्या प्रकारात मशीनने खाच कोरून आत तुकडा बसवतात. फिरत्या कटरने कोरलेलं टोक बहुतेक वेळा किंचित गोल राहतं. तिसरा प्रकार खऱ्या जोडकामाचा, तिथे टोक सुईसारखं. त्यातही दोन जाती आहेत. हाफ स्प्लाइसमध्ये पुढच्या लाकडात पाचरी बसवतात आणि मग तो भाग मुठीच्या लाकडाला वेगळा जोडतात, तो सांधा रॅपखाली लपतो. फुल स्प्लाइसमध्ये पुढचं आणि मागचं लाकूड दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावी तसं थेट गुंफलेलं असतं.

आमच्या क्यूवर चार पॉइंट, टोकं अगदी तीक्ष्ण, कडेला रंगीत व्हिनीअरच्या पातळ पट्ट्या. मुठीवरचं लिननचं रॅप कुजलंच होतं. फोटो काढून झाल्यावर कारागिराने ते सोडवलं. आत कुठेही आडवा सांधा नाही. फुल स्प्लाइस. त्याने दुकानातला एक जुना ब्रन्सविक कंपनीचा टिटलिस्ट क्यू शेजारी ठेवला. लाकडं तीच, व्हिनीअरच्या रंगांचा क्रमही तोच.

आता खरी मेख इथे आहे. टिटलिस्ट हा एकसंध क्यू होता, पूल हॉलमध्ये भिंतीला लावलेला असायचा तसला. त्या काळी कारागीर तो मधून कापायचे, जॉइंट बसवायचे, मागे नवी बाही आणि मुठीला लिनन चढवायचे, की झाला 'कस्टम' क्यू तयार. बालबुश्कानेही सुरुवातीचे क्यू असेच टिटलिस्टपासून केले. पुढे तो बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांच्याकडून तयार पुढचे भाग घ्यायला लागला. पण टिटलिस्ट कापणारा तो एकटा थोडाच होता? लाकूड तेच, स्टीलचा जॉइंट तोच, लिनन तेच. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन प्रोग्रॅमनी एकच लायब्ररी वापरली, म्हणून दोन्ही एकाच माणसाने लिहिले असं होत नाही. आम्ही ज्या खुणा मोजून खूश होत होतो, त्या सगळ्या त्या काळच्या कुठल्याही बऱ्या कारागिराच्या क्यूवर सापडल्या असत्या.

मग कारागिराने जॉइंटचं तोंड दाखवलं. बालबुश्काच्या स्टील जॉइंटमध्ये 'पायलट' असतो, म्हणजे शाफ्टच्या तोंडाशी एक छोटी उंच कड, जी समोरच्या खोबणीत घट्ट बसते. आमचा जॉइंट सपाट होता. मी म्हटलं, "मग संपलंच की!" तो म्हणाला, "नाही. जॉइंट नंतर कोणी बदललेला असू शकतो." हा माणूस मला फार आवडला. त्याने बालबुश्काचे क्यू हाताळलेले होते, मागच्या बाहीवरचं काम बघून त्याचं मत 'नाही' असंच होतं, तरी मत आणि पुरावा तो वेगळे ठेवत होता.

आणखी एक तपासणी, इकडच्या माणसांसाठी महत्त्वाची. टिपखालची पांढरी टोपी आणि बुडाची पांढरी चकती जुन्या क्यूंवर कधी कधी हस्तिदंताची असते. न्यू जर्सीने २०१४ मध्येच हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आणली, आणि भारतातही वन्यजीव कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे. म्हणजे 'हस्तिदंत आहे, भाव वाढेल' असं समजून बॅगेत घालून पुण्याला आणाल, तर विमानतळावर भलताच एपिसोड रेकॉर्ड होईल. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर भिंगातून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात. आमच्या चकतीवर काही नव्हतं. प्लास्टिक.

राहिला भाव. नेटवर दिसतात त्या मागितलेल्या किमती. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या किमती वेगळ्या शोधाव्या लागतात, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. क्यू सरळ आहे का, हेही बघा, पण नुसता टेबलावर गरगर फिरवून नाही. बट आणि शाफ्ट वेगवेगळे फिरवा, मग जोडून, कारण कधी लाकडं सरळ असतात आणि जॉइंटच तिरका असतो. मूळ शाफ्ट किती आहेत, हेही लोक विचारतात. पण सगळ्यात मोठा फरक पाडतो तो पुरावा. तोच क्यू बनवणाऱ्याच्या पावतीसकट एका किमतीला जातो, आणि 'वाटतोय' या शब्दावर दुसऱ्या.

काकूला सांगायला मीच गेलो. चहा झाला. मी म्हटलं, "काकू, क्यू चांगला आहे, साठच्या दशकातल्या कुणा चांगल्या कारागिराने केलेला असावा. पण बालबुश्काचा म्हणता येणार नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो दीडशे देणारा बरोबर होता?" तो बरोबर नव्हता. कारागिराच्या ओळखीतल्या एका जुन्या क्यू जमवणाऱ्याला आम्ही 'टिटलिस्टपासून केलेला, करणारा अज्ञात, जॉइंट कदाचित बदललेला, शाफ्ट घासलेला' असं सगळं स्पष्ट सांगितलं, आणि त्याने चारशे वीस डॉलर दिले.

द्यायच्या आधी काकूने माझ्याकडून इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून घेतली आणि केसमध्ये ठेवली. त्यात काकांचं नाव, '१९७८ पासून यांच्याकडे', आणि खाली तिने सांगितलं म्हणून ठळक अक्षरात: हा बालबुश्का नाही.