संसदीय समित्यांचे महत्त्व कशात?

संसद म्हटले की सभागृहातील गदारोळ आठवतो. परंतु विधेयकांची आणि खर्चाची बारकाईने छाननी होते ती स्थायी समित्यांच्या बंद दालनांत. खातेनिहाय समित्यांची ही पद्धत १९९३ साली १७ समित्यांनिशी सुरू झाली. २००४ पासून त्यांची संख्या २४ आहे. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. मंत्र्यांना तेथे स्थान नसते.

अर्थसंकल्प मांडला गेल्यावर मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या समित्यांकडे जातात. सचिवांना पाचारण करून जाब विचारला जातो, तज्ज्ञांची साक्ष नोंदवली जाते, नागरिकांच्या सूचनाही मागवल्या जातात. पक्षादेश लागू नसल्याने सदस्यांना मोकळेपणाने बोलता येते. शिफारशी मात्र सरकारवर बंधनकारक नसतात.

शिवाय विधेयक समितीकडे पाठवणेच सक्तीचे नाही, ही खरी मेख. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. २०२० चे तीन कृषी कायदे समितीच्या छाननीविना संमत झाले आणि पुढच्याच वर्षी मागे घ्यावे लागले.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एकच सदस्य. सभागृहात त्यांच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. तोच सदस्य ३१ जणांच्या समितीत असेल, तर मच्छीमारांचा वा खाणींचा प्रश्न थेट सचिवांसमोर मांडू शकतो. समित्यांचे काम आटले, तर अधिक तोटा लहान राज्यांचाच आहे.